खांबासमोरचं घर

मास्तरांना भूगोल शिकवायला वर्ग लागत नसे. निवृत्त झाल्यापासून तर त्यांनी सगळी गल्लीच बाकावर बसवली होती. सलूनमध्ये दाढीला गेले की अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ते सांगायचे, की जमीन ही काही एकसंध वस्तू नाही, तिचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते खालच्या तापल्या खडकावरून सरकत असतात. किती हळू? तर आपली नखं वाढतात तितक्या हळू. सलूनवाला वस्तरा वर धरून थांबायचा आणि म्हणायचा, "मास्तर, बोलणं थांबवा, नाहीतर तुमच्याच गालाचा तुकडा सरकेल."

घरी काकूंसमोर तर ही टेप रोजच वाजायची. काकूंची चौकापलीकडे लाँड्री होती. दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून पाय सुजायचे. रात्री जरा आडवं व्हावं, तर मास्तर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका घेऊन बसलेले. ही दोन्ही एकेकाळी एकाच अंथरुणात होती बरं का, मग मधे फट पडली, फट रुंदावत गेली आणि तिच्यात समुद्र शिरला, असं ते इतक्या हळहळीनं सांगायचे की जणू शेजारच्या जोडप्याची गोष्ट आहे.

"दोघांतलं एक घोरत असेल," काकू म्हणायच्या आणि कूस बदलायच्या.

मास्तरांचा सगळ्यात लाडका धडा मात्र गल्लीबद्दलचाच होता. अशा दोन तुकड्यांची शीव आपल्या गल्लीच्या बरोबर मधून, लांबीच्या अंगानं जाते, असं त्यांचं म्हणणं. घरांची रांग एका तुकड्यावर. समोरची पत्र्याची दुकानं, पाण्याचा नळ आणि विजेचा खांब दुसऱ्यावर. हे चाललेत डावीकडे, ते चाललेत उजवीकडे. पण शिवेवर खडक खडकात अडकून बसलाय. अडकलाय म्हणून हलत नाही, हलत नाही म्हणून ताण साठतोय, आणि सुटेल तेव्हा कित्येक पिढ्यांचं चालणं एका दमात उरकून घेईल. यावर शेजारचा बेकरीवाला म्हणाला होता, म्हणजे एक दिवस नळावर जायला बस पकडावी लागणार. गल्ली पोट धरून हसली होती. मास्तरही हसले होते. विद्यार्थ्यांच्या हसण्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

त्या रांगेतली घरं म्हणजे एका खोलीच्या रुंदीची, उंच आणि किडमिडीत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. डावीकडचं शेवटचं घर मास्तरांचं. त्याच्या डाव्या अंगाला नुसतं मोकळं मैदान, पार उतारापर्यंत. काकू लाँड्रीच्या चादरी तिथं वाळत घालायच्या. मास्तरांच्या उजवीकडे बेकरीवाल्याचं घर आणि त्याच्या उजवीकडे भाड्याच्या खुर्च्यांचं गोदाम. पत्ता सांगायचा तो समोर बघून: गोदाम सलूनसमोर, बेकरीवाला नळासमोर, मास्तर खांबासमोर. काकूंच्या दारातून सरळ रेघ मारली तर ती खांबालाच जाऊन टेकायची. पोस्टमन, गॅसवाला, पाहुणे, सगळ्यांना एकच खूण होती, खांबासमोरचं घर.

त्या दिवशी मास्तरांना सर्दी झाली होती म्हणून ते घरीच पडून होते. काकू दुकानात शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होत्या. आधी टांगलेले कपडे हलले. शर्ट, कोट, झगे, सगळे एकाच दिशेनं झुलले, जणू आत माणसं आहेत आणि ती एकदम निघालीत. मग जमीनच पायाखालून कोणीतरी सतरंजीसारखी ओढली. काकू पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या. आवाज थांबला तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे इस्त्रीचं बटण बंद केलं. याचं त्यांना पुढं कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

धावत गल्लीत पोचल्या तर रांग नव्हती. दुमजली घरं गुडघ्यात मोडून पुढं कोसळली होती. विटा, तुळया, गाद्या, भांडी, सगळं अर्ध्या रस्त्यापर्यंत आलेलं. घराला घर ओळखू येत नव्हतं. पायऱ्या गाडल्या गेलेल्या, दारं कुठं गेली पत्ता नाही. समोरची पत्र्याची दुकानं मात्र वाकडीतिकडी का होईना, उभी होती. धुरळ्यात काकूंनी खांब शोधला. तारा तुटून लोंबत होत्या, पण खांब जागच्या जागी होता. काकू त्याला पाठ टेकवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरळ समोर बोट दाखवलं.

"इथं," त्या म्हणाल्या. "माझं घर इथं आहे."

सलूनवाला आला, वाटेनं जाणारे आले, अनोळखी माणसं बाह्या सरसावून आली. हातानं, घमेल्यानं, तुटक्या दाराच्या फळीनं उपसणं सुरू झालं. उपसलेलं टाकायचं कुठं, असा प्रश्न आला. रस्ता मोकळा ठेवायला हवा होता. काकूंनीच सांगितलं, डावीकडे टाका, तिकडं मैदान आहे. तिकडंही बराच ढिगारा पडलेला दिसत होता, पण घर त्या अंगाला कलंडलं असणार, असं सगळ्यांनीच धरलं. माणसांची साखळी झाली आणि विटा हातोहात डावीकडे जाऊन पडू लागल्या.

पलीकडे बेकरीवाला नळासमोर एकटाच उकरत होता. भट्टीवर रात्रपाळी करून बायको सकाळी घरी येऊन झोपली होती, तो दुकानातच होता. त्याच्या हाताला खुर्च्या लागत होत्या. खुर्चीमागून खुर्ची. तो प्रत्येक खुर्ची बाजूला भिरकावताना गोदामवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत होता, की ह्याच्या खुर्च्या उडून माझ्याच घरात यायच्या होत्या का. काकूंकडेही मैद्याची पोती आणि बेकरीचे पत्र्याचे ट्रे निघत होते. भिंत फुटली की शेजारचं सामान येणारच, असं म्हणून तेही डावीकडे गेलं.

दुपार कलताना बचाव पथक आलं. प्रमुख एक तरुण मुलगी होती, डोक्यावर शिरस्त्राण, ओरडून ओरडून घसा बसलेला. तिनं आधी डावीकडच्या ढिगाकडे बघितलं आणि विचारलं, "तिकडं खाली काही नाही ना? नक्की?"

"लग्न होऊन आल्यापासून तिथं कपडे वाळत घालतेय मी," काकू म्हणाल्या.

मुलीनं मान हलवली. घरच्या बाईपेक्षा घर कोणाला जास्त ठाऊक असणार?

अंधार पडायच्या आत एका आडव्या तुळईखाली हात दिसला. बाईचा. बांगड्यांवरून आधी कळलं, मग केसांवरून. जिवंत होती. बाहेर काढली तर बेकरीवाल्याची बायको, अंगावर गाऊन, बेशुद्ध. क्षणभर सगळे आनंदानं एकमेकांना मिठ्या मारू लागले आणि मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं, की ही बाई मास्तरांच्या घरात सापडली आहे. मास्तर एकटे घरी असताना. झोपायच्या खोलीत.

"भिंतीनं फेकली असेल हो," सलूनवाला म्हणाला. शब्द भले होते, पण आवाज तसा नव्हता.

बेकरीवाला तिच्याबरोबर गाडीत बसून गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताच परत आला. ती शुद्धीवर नव्हती, पण श्वास चांगला चालला होता आणि दवाखान्यात नातेवाइकांना उभं राहायला जागा नव्हती. त्यानं फावडं उचललं आणि काकूंकडे न बघता मास्तरांसाठी उपसायला लागला. चार माणसांचं काम एकटा करत होता. त्याची प्रत्येक वीट बाकीच्यांच्या विटांपेक्षा लांब जाऊन पडत होती. बऱ्याच वेळानं, पाठ सरळ करताना, त्यानं हळूच विचारलं, "वहिनी, ती तुमच्याकडं कशाला आली होती?"

"साखर मागायला आली असेल," काकूंच्या तोंडून निघून गेलं.

बेकरीवाल्याच्या घरात साखरेची पोती असतात. दोघांनाही हे एकाच वेळी आठवलं. तो पुन्हा खाली वाकला.

काकू खांबापाशी जाऊन बसल्या. पहिल्यांदाच बसल्या. मनात नको ते यायला लागलं. ही बाई मास्तरांचं सगळं ऐकून घ्यायची. दुधावर साय धरते, खालून उकळी आली की साय फाटते, तिचे तुकडे एकमेकांवर चढतात, तशीच ही जमीन, असं मास्तरांनी तिला ओट्याशी उभं राहून समजावलं होतं आणि ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. पुढं काय झालं, असं विचारत होती. तिनं कधी कूस बदलली नव्हती. काकूंना वाटलं, चाळीस धडे ऐकवले मला, हा एक तेवढा लपवून ठेवला. मग वाटलं, आधी बाहेर तर ये रे बाबा. भांडण करायला तरी ये.

तेवढ्यात शिट्टी वाजली. पथकाची रीत अशी, की मधूनमधून शिट्टी व्हायची आणि सगळ्यांनी असेल तसं थिजायचं. फावडं हवेत असेल तर हवेत. मग खालचा आवाज ऐकायचा. गल्लीत इतकी शांतता पसरली, की काकूंना स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू आलं. आणि त्या शांततेत टक टक झालं. थांबून पुन्हा टक टक.

"कुठून?" मुलीनं ओठांनीच विचारलं.

सलूनवाल्यानं ढिगाकडे, डावीकडे बोट केलं. पथकातल्या एकानंही तिकडंच मान वळवली. मुलगी काकूंपाशी आली. ढिगाऱ्यात आवाज फसवतो, ती म्हणाली, एका पाइपातून शिरतो आणि दुसरीकडून निघतो. तुम्ही सांगा, डावीकडं तळघर, टाकी, काही आहे का?

काकू उठून उभ्या राहिल्या. राग होता, आशा होती. पण आवाज अगदी ठाम आला.

"तिकडं काही नाही. वेळ घालवू नका. सरळ खाली जा."

सगळे सरळ खाली गेले. आता कोणी थकत नव्हतं, माणूस जिवंत आहे हे कळलं होतं. बेकरीवाल्याचे तळवे फाटले, त्यानं चिंध्या बांधल्या. विटा, तुळयांचे तुकडे, स्लॅबचे कपचे, सगळं आणखी वेगानं डावीकडे पडत राहिलं. पुढच्या शिट्टीला टकटक पुन्हा आली, जरा बारीक. त्याच्या पुढच्या शिट्टीला आली की नाही यावर दोघांचा वाद झाला. मग नाही आली.

दुपारी फावडं खाली खणकन वाजलं. जमीन लागली. मास्तर नव्हते. काकू खड्ड्यात उतरल्या, गुडघ्यावर बसल्या आणि तळव्यानं धूळ पुसायला लागल्या. आपली फरशी दिसली की खोली कळेल, खोली कळली की पलंग कुठं होता ते कळेल. काकूंच्या घरात काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी होती. मास्तरांनी हौसेनं बसवून घेतली होती आणि तिचा पांढरा भाग पांढरा ठेवता ठेवता काकूंच्या कमरेचे टाके ढिले झाले होते. त्या पुसत गेल्या. खाली साधा करडा कोबा निघाला. आणखी पुसलं. कोबाच.

मैद्याचं पोतं उडून येऊ शकतं. ट्रे उडतात. बाईही एकवेळ उडेल. फरशी कुठं उडते?

काकू सावकाश खड्ड्यातून वर आल्या आणि रस्त्यावर गेल्या. दोन दिवस माणसं आणि गाड्या फिरून रस्ता बराच मोकळा झाला होता. मधोमध लांबच लांब भेग गेली होती, ती सगळ्यांनी पहिल्याच दिवशी बघितली होती. भूकंप झाल्यावर रस्त्याला भेग पडणारच. रस्ता तसा सरळच दिसत होता. पण नळाजवळ, रस्त्यावर आडवा, पिवळ्या पट्ट्यांचा गतिरोधक होता. त्याचा नळाकडचा अर्धा भाग जागेवर होता. भेगेपाशी तो सुरीनं कापावा तसा संपला होता. अलीकडचा अर्धा भाग तिथं नव्हताच. काकूंनी डावीकडे बघितलं. एका घराच्या रुंदीइतका डावीकडे, खांबाच्या रेषेत, तो पडून होता. पिवळे पट्टे तसेच्या तसे.

हे चाललेत डावीकडे, ते चाललेत उजवीकडे.

अख्खी रांगच सरकली होती. पायऱ्या, फरशा, झोपलेली माणसं, चादरी वाळत घालायचं मैदान, सगळं घेऊन सरकली होती. खांब कुठंच गेला नव्हता, आणि म्हणूनच खांबानं दगा दिला. खांबासमोर आता बेकरीवाल्याचं घर होतं. नळासमोर खुर्च्यांचं गोदाम होतं. आणि काकूंचं घर तिथं होतं, जिथं गेले दोन दिवस त्यांनी आपल्या तोंडानं सांगून विटा टाकायला लावल्या होत्या.

काकू मुलीपाशी गेल्या, तिचा हात धरून तिला गतिरोधकापाशी घेऊन आल्या आणि आधी हा तुकडा दाखवला, मग तो. मुलीनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग शिरस्त्राण काढून तिनं चेहरा पुसला, पुन्हा घातलं आणि माणसांना ढिगाकडे वळायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. बेकरीवाला बाजूला फेकलेल्या खुर्च्यांकडे बघत राहिला होता. त्याला कळलं तसा तो उघड्या हातांनी ढीग उपसायला लागला.

आपणच टाकलेली वीट न् वीट आता उलट उचलायची होती. ह्या वेळी उजवीकडे. मधूनमधून शिट्टी व्हायची, सगळे थिजायचे, सलूनवाला ढिगाला कान लावून "मास्तर, ओ मास्तर" अशी हाक मारायचा. खालून काही येत नव्हतं. संध्याकाळ झाली, दिवे नव्हते, काम थांबवावं लागलं. उजाडल्यावर पुन्हा सुरू झालं.

जिन्याखालच्या कोनाड्यात ते होते. जिना तिरका पडून खाली माणूस बसेल एवढी पोकळी राहिली होती. मुलगी आधी पोटावर सरपटत आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, तेव्हा तिनं कोणाकडेच बघितलं नाही. फक्त काकूंना म्हणाली, "तुम्ही येताय का? आधी तुम्हीच या."

काकू आत सरपटल्या. टॉर्चच्या उजेडात मास्तर भिंतीला टेकून बसलेले दिसले, मान एका बाजूला. जखम फारशी नव्हतीच. नाकातोंडावर रुमाल बांधलेला होता, धुळीसाठी. मागे गाठ मारलेली, नेहमीसारखी वेडीवाकडी; या माणसाला आयुष्यात एक धड गाठ मारता आली नाही. रुमाल श्वासाच्या जागी ओला होऊन वाळला होता, तिथं मातीचं गोल कडं धरलं होतं. उजव्या मुठीत विटेचा तुकडा होता आणि शेजारून जाणाऱ्या पाइपावर लाल खुणा होत्या. खूप खुणा.

काकूंनी त्यांच्या गालाला हात लावला. मग बोटं एकेक करून उलगडली आणि विटेचा तुकडा काढून मागच्या अंधारात ठेवला. पाइपावरच्या खुणा पदराला थुंकी लावून पुसल्या, लाँड्रीत डाग काढतात तशा, घासून न पसरवता, कडेकडून आत. रुमालाची गाठ सुटेना. दातांनी सोडवली. रुमालाची चौकोनी घडी घालून पोलक्यात सारली. तोंडावरची धूळ नसलेली जागा वेगळी दिसत होती, म्हणून जवळची चिमूटभर माती घेऊन तिथं हलकेच फिरवली. हे सगळं चालू असताना त्या मास्तरांशी बोलत होत्या. काय बोलत होत्या, ते पोकळीच्या तोंडाशी पडून राहिलेल्या त्या मुलीनं ऐकलं असेल तर असेल.

बाहेर आल्या तेव्हा बेकरीवाला समोरच उभा होता. हाताच्या चिंध्या रक्तानं काळ्या पडलेल्या. त्याला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"वहिनी... कधी?"

"लगेच," काकू म्हणाल्या. "झोपेतच. पडल्या पडल्या."

"आणि मग तो आवाज? टकटक?"

"पाणी ठिबकत असेल पाइपात. फुटलाय तो."

त्यानं पथकातल्या मुलीकडे बघितलं. ती शिरस्त्राणाचा पट्टा आवळत होती; बऱ्यापैकी आवळलेलाच होता. "झोपेतच," तीही म्हणाली.

बेकरीवाल्याचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. काकूंनी त्याला रडू दिलं. त्यांच्या छातीशी घडीचं एक टोक टोचत होतं.

"तू दवाखान्यात जा आता," त्या मग म्हणाल्या. "ती शुद्धीवर येईल, डोळे उघडेल तेव्हा समोर असायला हवास. आणि हे बघ. ती तिच्याच घरात होती. तिच्याच पलंगावर झोपली होती. समजलं ना?"

त्यानं मान हलवली. दोन पावलं गेला आणि परत आला. "तुम्ही एकट्या कशा राहाल इथं?"

"जा म्हटलं ना," काकू म्हणाल्या आणि मास्तरांना बाहेर काढायला आलेल्या माणसांना वाट देण्यासाठी बाजूला सरकल्या.